एका घंटीवरचे चौघे

जेंतीचा हिरा उडाला आणि चौघेही होते तिथे थिजले. राघवने हात लांब करून बटण दाबलं. चाक घरघरत मंदावलं आणि थांबलं.

"पाय हलवू नका कुणी," कुरजीभाई म्हणाले. ते सांगायची गरज नव्हती, पण हिरा उडाला की हे वाक्य कुणीतरी म्हणतंच.

वराछातल्या त्या कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर अशा दहा-बारा घंट्या होत्या. हिरे घासायचं पोलादी चाक, त्याखाली मोटर आणि भोवती पकडीत हिरा धरून बसलेली चार माणसं, एवढ्याला मिळून सुरतेत घंटी म्हणतात. एकाचा हिरा उडाला की चाक चौघांचं थांबतं. मजुरी नगावर, म्हणजे थांबलेलं चाक चौघांच्याही पोटावर पाय देतं. तरी त्यावरून कुणी कुरकुरल्याचं कुरजीभाईंनी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मोहरीएवढा तो दगड सापडला नाही तर ज्याच्या हातून गेला त्याच्या पगारातून कापला जातो, आणि उद्या ती पाळी कुणावरही येऊ शकते. म्हणून चौघांनी गुडघे टेकायचे, फरशी ब्रशने झाडायची, कचरा चाळायचा, बुटांचे तळवे बघायचे. सापडला की ज्याचा हिरा त्याने चौघांना चहा पाजायचा. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणून तो अजून पाळला जातो.

"त्याच्या केसांत बघा आधी," शामजी म्हणाला. "एवढं तेल चोपडतो, हिरा काय, कबूतर चिकटेल."

"कबूतर सापडलं तर तुझं," जेंती ओणवा होऊन झाडत म्हणाला. "हिरा सापडला तर शेठचा. आपल्याकडे झाडू."

हिरा राघवच्या पँटच्या दुमडीत निघाला. कुरजीभाईंनी तो नखावर उचलला, जेंतीच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "घे गाढवा. पुढच्या वेळी दोरी बांध त्याला."

चहा आला. पहिला घोट पोटात जातो न जातो तोच मॅनेजर विपुल येऊन उभा राहिला. चांगली बातमी द्यायची असली की हा माणूस दारातूनच ओरडतो. आज तो अगदी जवळ आला, तेव्हाच कुरजीभाईंनी कप खाली ठेवला.

"सोमवारपासून नगामागे दोन रुपये कमी," विपुल म्हणाला. "मंदी आहे. वरून आलंय."

"वरून म्हणजे?" जेंतीने विचारलं. "देवाकडून?"

"शेठकडून."

"मग देवाचाही भाव उतरला असेल. विचारून घे."

कुणी हसलं नाही. दोन वर्षांतली ही तिसरी कपात. पहिल्या वेळी तात्पुरती म्हणाले होते, दुसऱ्या वेळी काहीच म्हणाले नव्हते. विपुल पुढच्या घंटीकडे गेला. तिथेही त्याने तेच वाक्य त्याच आवाजात म्हटलं.

राघवने कप ठेवला. त्याला मूल होऊन चार महिने झाले होते, आणि खोलीचं भाडं वाढवायला घरमालक दिवाळीची वाट बघत होता. "कुरजीभाई," तो म्हणाला, "तुम्ही बोला ना शेठशी."

"मी काय बोलू?"

"तुम्ही नाही तर कोण बोलणार?" शामजी म्हणाला. "एका घंटीवर बसलेले तुम्ही दोघं. त्याला पकड धरायला तुम्ही शिकवलंत. आमच्यापैकी कुणी गेलं तर दारावरचा वॉचमनच विचारेल, कोण रे तू."

ही गोष्ट खरी होती आणि ती सगळ्या कारखान्याला ठाऊक होती. कुरजी आणि आताचा शेठ वशराम काठियावाडातल्या एकाच खारोळी गावचे, एकाच बसने सुरतेला आलेले, पण कुरजीचा हात लवकर बसला. दोघांच्याही घरी तेवढीच कोरडवाहू जमीन, दोघांच्याही पिशवीत बाजरीचे रोटले आणि लसणाची चटणी. दीड वर्ष वशराम कुरजीच्या डाव्या हाताला बसला. हात जड होता त्याचा, दर दोन दिवसांनी हिरा उडवायचा, आणि कुरजी त्याच्यासाठी फरशीवर रांगायचा. मग वशरामने मामाकडून पैसे उचलून दोन घंट्या टाकल्या. त्याच्यात धाडस होतं, डोकं होतं, वेळेवर धावून येणारा मामाही होता. आता त्याच्याकडे हजारावर माणसं होती आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला काचेची इमारत होती. या तिसऱ्या मजल्याचा जिना तो गेल्या कित्येक वर्षांत चढला नव्हता.

"रविवारी स्नेहमिलन आहेच गावाचं," जेंती म्हणाला. चौघेही खारोळीचेच. "शेठ येणार. हाताच्या अंतरावर असेल. तिथं बोला. आपल्या चौघांसाठी नका बोलू, सगळ्या मजल्यासाठी बोला."

कुरजीभाईंनी तिघांकडे पाहिलं. राघवने हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते.

"बोलीन," ते म्हणाले.

---

घरी लाभुबेन तेलाच्या डब्याला टेकून बसल्या होत्या. डबा रिकामा होता. शेंगदाणा तेलाचा नवा हंगाम सुरू झाला होता आणि गल्लीत घरोघर वर्षाचे डबे उतरत होते. काठियावाडी माणूस सोनं नंतर मोजतो, आधी डबे मोजतो. कुरजीभाईंच्या पहिल्या वर्षी महिन्याच्या मजुरीत सात डबे यायचे. दोन ते बसच्या टपावर टाकून गावी पाठवायचे, आणि आई शेजारणींना बोलावून दाखवायची. आता पाच येत होते. सोमवारपासून तेही येणार नव्हते. मधल्या काळात हात तयार झाला, डोळ्यांना जाड भिंग लागलं, पाठीला पट्टा आला, आणि डबे मात्र घटले. हे गणित कुरजीभाई कुणाला सांगत नसत, कारण सांगताना लाज त्यांनाच वाटायची, आणि ती का वाटावी हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

"कृपालीचे पप्पा," लाभुबेन म्हणाल्या, "कॉलेजमधून परत फोन आला. दिवाळीच्या सुट्टीआधी फी नाही भरली तर नाव कमी करणार म्हणे."

कृपाली नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसली होती. पान उलटल्याचा आवाज बऱ्याच वेळात आला नव्हता, म्हणजे ती ऐकत होती.

"रविवारी वशरामशी बोलणार आहे," कुरजीभाई म्हणाले. "भावाचं."

"भावाचं बोलाल ते बोला. त्याच्या आधी फीचं बोला."

"फीचं कशाला? भाव परत मिळाला तर फी आपली आपण भरू."

"भाव मिळेल तेव्हा मिळेल. ती घरी बसेल ती आत्ता बसेल." लाभुबेनांनी डबा पायाने सरकवला. "तुम्हाला मागायची लाज. लाजेवर पोळ्या भाजता येत असत्या तर आपल्याकडे रोज जेवणावळ उठली असती."

"मी मजुरी मागायला चाललोय लाभु. भीक नाही."

"शेठलोकांना दोन्ही एकच ऐकू येतं," त्या म्हणाल्या आणि कणीक मळायला उठल्या.

---

खारोळीचं स्नेहमिलन कामरेज रस्त्यावरच्या पार्टी प्लॉटमध्ये, लग्नांच्या मैदानावर, होतं. गावात आता म्हातारी माणसं आणि मोर उरले होते, बाकी सगळं गाव सुरतेत. म्हणून वर्षातून एकदा गाव इथेच भरायचं. मांडवात खुर्च्या होत्या, स्टेजवर सोफे होते. कोण खुर्चीवर बसणार आणि कोण सोफ्यावर, हे कुणी ठरवत नव्हतं आणि कुणाचं चुकतही नव्हतं.

माइकवर गावचे मास्तर देणग्या पुकारत होते. गोशाळेला इतके, स्मशानाच्या पत्र्यांना इतके. शेवटी वशरामभाईंनी गावच्या वेशीवर दगडी कमान बांधून द्यायचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. आकडा ऐकून जेंतीने शामजीच्या कानात सांगितलं, "आपल्या मजल्याचे दोन-दोन रुपये जोडले ना, की बरोबर एक कमान होते." शामजीने त्याला कोपराने ढोसलं, पण नजर त्याचीही कमानीवरच अडकली होती.

मग वशरामभाईंनी स्वतः माइक घेतला. पांढरा सदरा, अंगठी एकच, तीही साधी. बोलणं अजून गावचंच होतं.

"आपल्यात एक माणूस बसलाय," ते म्हणाले. "मी सुरतेला आलो तेव्हा मला हिरा धरता येत नव्हता. त्याने माझी बोटं धरून शिकवलं. तो माझा पहिला गुरू. कुरजीभाई, वर या."

लोक वळून बघायला लागले. लाभुबेनांनी बायकांच्या रांगेतून हाताने खूण केली, जा. राघव, जेंती, शामजी एका ओळीत बसले होते. तिघांनीही मान हलवली, जा. स्टेजची पायरी चढताना कुरजीभाईंच्या मनात वाक्य तयार होतं. शेठ, कमान नंतर बांधू, आधी भाव परत द्या. एवढंच.

वशरामभाईंनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि वाकून पायाला हात लावला. हजार माणसांचा मालक त्यांच्या पायाशी वाकला होता. मांडव टाळ्यांनी फुटायला आला. वशरामभाईंचे डोळे खरंच ओले होते, आणि कुरजीभाईंना त्याचाच राग आला, कारण खोटे असते तर सोपं झालं असतं.

"बोला कुरजीभाई," माइक त्यांच्या तोंडापुढे आला. "तुमच्यासाठी काय करू?"

गावाच्या मांडवात, बायकामुलांसमोर, नुकतेच ज्याने पाय धरले त्याची अब्रू काढायची? खारोळीच्या माणसाला हे जमत नाही. शत्रूलासुद्धा तो मांडवाच्या बाहेर नेऊन बोलतो. कुरजीभाईंनी हात जोडले.

"तुमची कृपा आहे शेठ," ते म्हणाले. "काही नको."

खाली राघवने मान खाली घातली. कुरजीभाईंनी ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं, थांब रे पोरा, एकटा सापडू दे तो.

जेवणं झाल्यावर तो एकटा सापडला. वशरामभाई गाडीत बसले होते. त्यांनीच काच खाली करून हाक मारली आणि शेजारी बसवून घेतलं. काच वर गेली तसा मांडवाचा गोंगाट गेला. आत थंडगार होतं. कुरजीभाईंच्या बोटांतला तेलाचा काळा रंग त्या पांढऱ्या सीटवर उगाच उठून दिसायला लागला. त्यांनी हात मांडीवर घेतले.

"काय म्हणतोस कुरजी? वर काही बोलला नाहीस. तुझ्या मनात काहीतरी आहे."

"आहे," कुरजीभाई म्हणाले. "भाव परत दे वशराम. पोरांचं भागत नाही. राघवच्या घरी बाळ आहे. महिन्याला डबे किती यायचे आपल्याला, आठवतंय?"

"सात." वशराम लगेच म्हणाला. "भाव माझ्या हातात नाही रे. बाहेर माल उठत नाही. मी भाव वाढवला आणि शेजारच्याने नाही वाढवला, तर मी बुडेन."

"आणि कमान?"

"कमान पुण्याची गोष्ट आहे. ती धंद्यात नको आणूस." त्याचा आवाज चढला नाही. त्याने कुरजीभाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू भाव मागू नकोस. तू मदत माग. मदतीला मी कुणाला नाही म्हटलंय? तुझ्या मुलीची फी अडलीये ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"लाभुभाभींनी. मघाशी पाया पडायला आल्या होत्या. बिचाऱ्या रडल्या."

वशरामने फोन लावला. कॉलेजचा ट्रस्टी त्याच्या ओळखीचा होता. हसतखेळत बोलणं झालं, मुलाबाळांची चौकशी झाली, आणि त्या दोन मिनिटांत कृपालीच्या उरलेल्या सगळ्या वर्षांची फी भरली गेली. दुसऱ्याच्या घरातला डोंगर या माणसाला पाटासारखा बाजूला सरकवता येत होता.

"झालं," वशराम म्हणाला. "आता बोल. आणखी काय?"

इथे बोलायचं होतं. फी नको, भाव दे, असं म्हणता आलं असतं. फी राहू दे आणि भावही दे, असंसुद्धा म्हणता आलं असतं. पण डोळ्यांसमोर उघडं पुस्तक आणि न उलटलेलं पान आलं. छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि ज्याने उतरवलं त्याच्याशी त्याच श्वासात भांडायचं बळ कुरजीभाईंना आलं नाही.

"आणखी काही नाही," ते म्हणाले.

ते गाडीतून उतरून मांडवात पोचायच्या आत वशरामचा फोन मास्तरांना गेला होता आणि त्यांचा आवाज माइकवर आला होता. "आणखी एक आनंदाची बातमी! कुरजीभाईंच्या कन्येच्या शिक्षणाचा संपूर्ण खर्च वशरामभाईंकडून!" परत टाळ्या झाल्या. लाभुबेन पदराने डोळे पुसत होत्या. कृपाली उभी होती, टाळ्या वाजवत नव्हती. आणि ती तीन खुर्च्यांची ओळ रिकामी होती.

---

सोमवारी कुरजीभाई लवकर आले. शाल घरीच होती, पण खांद्यावर तिचं वजन असल्यासारखं वाटत होतं. तिघं आले, बसले. "जय श्रीकृष्ण" झालं. जेंतीने तंबाखूचा मावा चोळला, शामजीला दिला, राघवला दिला, त्यांच्यापुढेही धरला. वागण्यात कुठे काही उणं नव्हतं. फक्त कुणी काही विचारलं नाही, आणि कुरजीभाईंनी रात्रभर जुळवलेलं उत्तर तसंच राहिलं.

"मी बोललो होतो रे," शेवटी ते चाकाच्या आवाजावर म्हणाले. "गाडीत. तो म्हणाला, भाव हातात नाही."

"हो ना," शामजी म्हणाला. "मंदी आहे."

"खरंच बोललो."

"आम्ही कुठं नाही म्हणतोय कुरजीभाई?" जेंतीने चाकावरून नजर उचलली नाही. "तुमची दीकरी शिकतेय, चांगलं झालं. आपल्यापैकी कुणाचं तरी झालं."

याहून शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कुरजीभाईंनी पकड चाकावर टेकवली. नवा भाव लागू झाला होता, हिरा तोच होता, पैलूही तेवढेच पाडायचे होते. त्यांचा हात जड झाला. वशरामचा व्हायचा तसा. आणि कितीतरी वर्षांत झालं नव्हतं ते झालं. पकडीतून टक् झालं आणि त्यांचा हिरा उडाला.

राघवने बटण दाबलं. चाक थांबलं.

"पाय हलवू नका कुणी," शामजी म्हणाला.

तिघेही गुडघ्यांवर उतरले. ब्रशने फरशी झाडली, कचरा चाळला, बुटांचे तळवे बघितले. सगळं रीतीप्रमाणे झालं. केसांतल्या कबूतराचा विषय मात्र निघाला नाही. कुरजीभाई त्यांच्यात रांगत होते आणि बाकीच्या घंट्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. त्या वेळात प्रत्येकाचे किती नग बुडले हे प्रत्येकाला कळत होतं, आणि आज तो प्रत्येक नग दोन रुपयांनी स्वस्त होता. कुरजीभाईंना वाटत होतं, कुणीतरी शिवी द्यावी.

राघवला सापडला. मोटरच्या पायाशी, जाळीत. त्याने तो चिमट्याने उचलला. कुरजीभाईंनी तळहात पुढे केला. राघवने हिरा त्यांच्यापुढे घंटीच्या काठावर, कागदावर ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

"चहा आणतो," कुरजीभाई म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच मोठा वाटला.

ते तीन मजले उतरले. टपरीवरून चार चहा घेतले, वर दोन रुपयांची जादा मलई घालायला सांगितली. जिना चढताना गुडघे बोलत होते, तरी कप हिंदकळू दिले नाहीत. एकेकाच्या पुढे एकेक कप ठेवला. तिघांनी कप उचलले. आनंदाने नाही, रागानेही नाही, तहान लागलेली माणसं पितात तसे प्यायले. कुरजीभाईंच्या जिवात जीव आला. प्यायले, म्हणजे झालं, निवळेल हळूहळू.

मग जेंतीने खिशात हात घातला. दहाचं नाणं काढलं आणि कुरजीभाईंच्या समोर घंटीवर ठेवलं. शामजीने ठेवलं. राघवला सुट्टं सापडेना, त्याने दोन खिसे चाचपले, पाच-पाचची दोन नाणी जुळवली आणि तीही ठेवली.

"हे काय?" कुरजीभाई म्हणाले. "अरे, हिरा माझा उडाला. चहा माझा."

"नको कुरजीभाई," राघव म्हणाला. त्याने हे अगदी हळू, आदरानेच म्हटलं. "मदत नको. ज्याचं त्याने द्यायचं."

त्याने बटण दाबलं. चाकाने वेग घेतला, घंटी थरथरायला लागली आणि त्या थरथरीने चारही नाणी एकेक तसू कुरजीभाईंच्या बाजूला सरकत आली. तिघांनी पकडी चाकावर टेकवल्या. कुरजीभाईंनी पकड उचलली नाही. हातांत चहाचा कप तसाच होता, आणि नाणी काठावरून खाली पडेपर्यंत ते त्यांच्याकडे बघत बसले.

नाणी फरशीवर खणखणली. चाक कुणी थांबवलं नाही.